ॲम्पला पॉवर पोचत नाहीये, बास मध्येच जातो – स्विफ्ट डिझेल, नाशिक

सातपूरकर | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं वाचून मग सांगा प्लीज. गाडी स्विफ्ट डिझेल, सेकंडहँड. मागच्या दिवाळीत सबवूफर बसवला, १२ इंची, ड्युअल ४ ओहमचा, सीलबंद बॉक्स. मोनोब्लॉक ॲम्प (फक्त सबसाठीचा ॲम्प्लिफायर) डिक्कीत, मागच्या सीटच्या पाठीला स्क्रू मारून. ॲम्पवर २ ओहमला ४०० वॅट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारी ताकद) लिहिलंय आणि बाजूला ३०-३० चे दोन फ्यूज आहेत. वायरिंग दुकानवाल्यानेच केलं, '४ गेजचं किट' म्हणून.

पहिले पाच-सहा महिने इतकं सुंदर वाजायचं की काय सांगू. वडिलांना अभंग ऐकायचे असतात, पखवाजाची थाप अशी छातीत यायची, त्र्यंबकला जाताना ते मुद्दाम आवाज वाढवायला सांगायचे. एप्रिल-मेपासून त्रास सुरू झाला. आवाज कमी असेपर्यंत काही नाही, पण २० च्या वर नेला आणि मोठी थाप आली की डॅशबोर्डचे लाइट मिचकतात, ॲम्पचा निळा दिवा विझतो, दोन-तीन सेकंदांनी परत लागतो. गाडी सुरू केल्यावर लगेच नाही होत, पंधरा-वीस मिनिटांनी होतं. आता पावसाळ्यात तर जास्तच. आणि जेव्हा वाजतो तेव्हाही बासमध्ये दम नाही राहिला, पातळ वाटतो.

दुकानात तीनदा गेलो. आधी म्हणाले बॅटरी वीक, बॅटरी बदलली, फरक शून्य. मग म्हणाले कपॅसिटर टाका. परवा मीटर लावून दाखवलं, ॲम्पच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट, म्हणे बघा पॉवर तर बरोबर येतेय म्हणजे ॲम्पच गेला, नवा साडेआठ हजार. नवीन घ्यायची माझी तयारी आहे, पण बॅटरीसारखे हेही पैसे वाया जायला नकोत. काय करू?

कॉलेजरोड_९६ | शनिवार, रात्री १०:४०

वीस मिनिटांनी बंद होतोय म्हणजे हीट असू शकते भाऊ. सीटच्या पाठीला लावलाय ना, हवा खेळते का मागून? नाशिकला मे महिन्यात बंद गाडीच्या डिक्कीत हात लावता येत नाही पत्र्याला. बंद पडल्यावर हात लावून बघ किती तापलाय. आणि प्रोटेक्टचा (ॲम्पने बिघाड ओळखून स्वतःला बंद केल्याचा) लाल दिवा लागतो की नुसता निळा विझतो? या दोन्हीचा अर्थ वेगळा आहे.

दुसरं, रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओ लागला की ॲम्प चालू करणारी बारीक वायर, कुठून घेतलीय ते बघ. स्टिरिओच्या मागे दोन निळ्या वायरी असतात, एक निव्वळ निळी ती अँटेनाची, दुसरी निळी-पांढरी ती ॲम्पची. काही स्टिरिओत अँटेनावाली फक्त रेडिओ लावल्यावरच १२ व्होल्ट देते. माझ्या आधीच्या गाडीत फिटरने त्यावरच जोडलं होतं, ब्लूटूथवर गेलं की सब गप्प. महिनाभर मी फोनला दोष देत होतो.

सातपूरकर | शनिवार, रात्री ११:०५

लाल दिवा नाही लागत, नुसता निळा विझतो. ॲम्प गरम असतो पण चटका बसेल इतका नाही. रिमोट निळी-पांढरीवरच आहे, दुकानवाल्याने दाखवलं होतं. रेडिओ आणि ब्लूटूथ दोन्हीवर सेम प्रॉब्लेम.

जुना_वायरमन | रविवार, सकाळी ७:२०

अरे बाळा, तो १२.६ चा आकडा विसरून जा आधी. गाणं बंद असताना मोजला ना? मग तो १२.६ च येणार, मध्ये वायरीचा एक केस शिल्लक असला तरी १२.६ च येणार. मी तीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय आणि या एका आकड्यापायी लोकांनी चांगले स्टार्टर, चांगले ॲम्प फेकून दिलेले बघितलेत, जीव तुटतो.

तुमच्याकडे ठिबक असेल कुणाच्या बागेत तर असं समज, लाइनीच्या टोकाचा कॉक बंद असला की गेज फुल प्रेशर दाखवतं, मध्ये फिल्टर निम्मा चोंदलेला असला तरी. कॉक उघडला की खरं कळतं. ॲम्पचं तसंच. करंट वाहत नसेल तर वायरीत काही पडतच नाही. थाप आली की ॲम्प एकदम ३०-४० अँपिअर ओढतो आणि जिथे कुठे जोड खराब आहे तिथे व्होल्टेज खाल्लं जातं. ॲम्पला १० च्या आसपास मिळालं की तो स्वतःला वाचवायला बंद होतो, करंट थांबला की व्होल्टेज परत वर, मग परत चालू. तुझं बंद-चालू हे तेच आहे असं मला वाटतंय, आणि सुरुवातीला नाही पण वीस मिनिटांनी होतं म्हणजे कुठला तरी जोड तापून ढिला पडतोय.

आता मोजायचं कसं ते सांगतो. गाणं नको, गाण्यात आकडा नाचतो. मोबाइलवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन घे. इंजिन चालू ठेव, गाडी मोकळ्यावर ने, घरात कोंडून नाही. आवाज तेवढा वाढव जेवढ्यावर प्रॉब्लेम येतो, पण एका वेळी पाच सेकंदच, जास्त नाही, सलग टोनने सबची कॉइल जळते. मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर घे, मग ॲम्पच्या बी प्लस (बॅटरीची प्लस वायर येते ते टर्मिनल) आणि ग्राउंडवर घे. दोन्हीत फरक किती ते लिही. मग खरी गंमत, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी ॲम्पच्या बी प्लसवर, म्हणजे एकाच वायरीच्या दोन टोकांना. लांब वायर जोडून घे मीटरला, बारीक चालते. चांगल्या वायरीत पाव-अर्धा व्होल्टच्या आत यायला पाहिजे. तसंच बॅटरीचा मायनस आणि ॲम्पचा ग्राउंड, तिथे त्याहून कमी, ०.१ च्या आसपास.

हे केल्याशिवाय एक रुपयासुद्धा खर्च करू नको.

तपोवन | रविवार, सकाळी ९:०२

काकांशी सहमत पण कपॅसिटरने पण फरक पडतो ना? माझ्या मित्राच्या गाडीत १ फॅरडचा आहे, निळा डिस्प्ले वगैरे, त्याचे हेडलाइट मिचकायचे बंद झाले.

पॅनलवाली | रविवार, सकाळी ११:३५

तपोवन, हिशोब करून बघ ना एकदा. १ फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत जी ऊर्जा देतो ती अर्धा गुणिले १ गुणिले (१९६ वजा १४४), म्हणजे २६ जूल. ५०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ती पुरते साधारण सेकंदाचा विसावा भाग. एखादा बारीक टणका सांभाळेल, हेडलाइटची मिचकी थोडी कमी होईल, पण लांब बास आला की संपला. आणि तो परत भरणार त्याच खराब वायरीतून. म्हणजे फिल्टर चोंदलाय आणि आपण पुढे एक बादली ठेवतोय. मित्राची वायरिंग मुळात चांगली असेल.

मी अंबडला कंट्रोल पॅनल टेस्टिंगला आहे, रोजचं काम हेच, लोड टाकून ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते, बघणं. सातपूरकर, आकडे आले की टाक, आणि जमलं तर डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) मिळव कुणाकडून तरी. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल, डीसीवालाच हवा. करंट कळला की सगळं बोटावर मोजता येतं.

निफाडची_थंडी | रविवार, दुपारी १:१५

मध्येच घुसतोय, माफ करा. माझी अर्टिगा आहे स्मार्ट हायब्रिडवाली. हायवेवर ॲम्पचं व्होल्टेज कधी १४.३ कधी १२.६ दिसतं डिस्प्लेवर. अल्टरनेटर खराब का?

जुना_वायरमन | रविवार, दुपारी २:४०

नाही. तुमच्या गाडीत चार्जिंग किती करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, बॅटरी भरलेली असेल आणि एकसारखी चाल असेल तर तो चार्जिंग उतरवतो, ब्रेक मारला उतार लागला की चढवतो. डिझेल-पेट्रोल वाचवायला केलेलं आहे. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट लावली की व्होल्टेज वर राहतं, करून बघा. एकच सांगणं, तुमच्या बॅटरीच्या मायनसवर सेन्सरचा डबा असेल, ॲम्पची ग्राउंड वायर थेट मायनसच्या खुंटीवर नेऊ नका, बॉडीलाच द्या, नाहीतर सेन्सरला कळतच नाही किती करंट गेला आणि कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो. पण ड्रॉप तुम्हीही मोजून बघा एकदा, स्वतंत्र गोष्ट आहे ती.

सातपूरकर | रविवार, संध्याकाळी ७:५०

काका, ताई, मोजलं!! कंपनीतल्या मित्राकडे डीसी क्लॅम्प निघाला, दोघं गंगापूर धरणाच्या रस्त्याला गेलो, तिथे मोकळं आहे, कुणाला त्रास नको म्हणून. वीस मिनिटं गाडी चालवून मग मोजलं म्हणजे प्रॉब्लेमच्या वेळचे आकडे आहेत.

टोन बंद: बॅटरी १४.१, ॲम्प १४.१. अगदी सेम.
टोन चालू: बॅटरी १३.६, ॲम्प १०.४ आणि एकदा तर मोजता मोजता बंद झाला.
प्लसच्या वायरीच्या दोन टोकांत २.६.
ग्राउंडच्या बाजूला ०.६.
क्लॅम्पवर ४० अँपिअर.

सबची कॉइल पण मोजली सुटी करून, दोन्ही मिळून १.८ ओहम.

खरं सांगतो, टोन लावल्यावर मीटरवरचा आकडा असा घसरताना बघितला आणि पोटात गोळा आला. इतके दिवस हे समोर होतं आणि कुणी बघितलंच नाही.

पॅनलवाली | रविवार, रात्री ८:२५

शाब्बास, फार नीट मोजलंस. २.६ आणि ०.६ मिळून ३.२, आणि १३.६ वजा १०.४ पण ३.२. हिशोब जुळतोय म्हणजे मोजण्यात चूक नाही. बॅटरी आणि अल्टरनेटर दोघंही निर्दोष, १३.६ धरून ठेवलंय त्यांनी. कॉइल पण चांगली, ४ ओहमच्या दोन समांतर म्हणजे मीटरवर पावणेदोनच्या आसपासच येतात.

३.२ गुणिले ४० म्हणजे १२८ वॅट नुसते वायरीत आणि जोडात उष्णता होऊन जातायत. आणि बास पातळ का वाटतो ते पण यातच आहे. साध्या ॲम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते, १३.६ ला जो ४०० देतो तो १०.४ ला साधारण २३५ देईल. तू मग आवाज अजून वाढवतोस, ॲम्प लाटेचे शेंडे कापतो, आवाज फाटतो.

आता प्लसची लाइन तोडून बघ. बॅटरीजवळ फ्यूज होल्डर असेल. त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोज, टोन लावूनच. कसला फ्यूज आहे, काचेच्या नळीसारखा?

सातपूरकर | रविवार, रात्री ९:४०

हो काचेचा नळीवाला, पारदर्शक प्लास्टिकचा होल्डर. आत्ता पार्किंगमध्ये बॉनेट उघडून मोजला, फक्त तीन सेकंद. होल्डरच्या दोन बाजूंत १.९ व्होल्ट!! आणि होल्डर उघडायला गेलो तर हात भाजला. प्लास्टिक एका टोकाला तपकिरी झालंय आणि थोडं वितळलंय, आतली पट्टी काळी. फ्यूज मात्र गेलेला नाही, अख्खा आहे.

जुना_वायरमन | रविवार, रात्री ९:४८

आत्ताच्या आत्ता बॅटरीवरून ती वायर काढ. उद्या नाही, आत्ता. टोकाला टेप गुंडाळ आणि बाजूला बांधून ठेव. गाडी बाकी व्यवस्थित चालेल, फक्त सब वाजणार नाही.

१.९ गुणिले ४० म्हणजे ७६ वॅट. आपला साधा सोल्डरिंगचा आयर्न २५ वॅटचा असतो, असे तीन आयर्न त्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डबीत पेटलेत आणि शेजारी बॅटरी. फ्यूज याला वाचवत नाही बरं का, लोकांना तसं वाटतं. फ्यूज फक्त जास्त करंट गेला तर उडतो, इथे करंट नॉर्मलच आहे, जोड खराब आहे. या नळीवाल्या फ्यूजच्या टोप्यांना आतून डाग दिलेला असतो, तो गरम-थंड होऊन सुटतो, वर होल्डरची पट्टी ताण सोडते, त्यात पावसाची दमट हवा. सुरुवातीला बरं वाजलं आणि उन्हाळ्यात बिघडलं ते याचमुळे.

सातपूरकर | रविवार, रात्री ९:५९

काढली काका. टेप मारली. मनापासून धन्यवाद, खरंच. वडिलांना घेऊन परवाच पिंपळगावला गेलो होतो याच गाडीत.

कॉलेजरोड_९६ | रविवार, रात्री १०:२०

मी हीट म्हणालो होतो पण चुकीच्या जागी बघत होतो. काका, मग आता नुसता होल्डर बदलला की झालं का?

पॅनलवाली | रविवार, रात्री १०:४५

नाही, वायरपण बदलावी लागेल. बघा, २.६ मधून होल्डरचे १.९ गेले, उरले ०.७ ते वायरीचे. स्विफ्टमध्ये बॅटरीपासून डिक्कीपर्यंत धरा ५ मीटर. ०.७ भागिले ४० म्हणजे ०.०१७५ ओहम. खऱ्या तांब्याची ४ गेज असती, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, तर ५ मीटरला ०.००४ च्या आसपास ओहम आणि ड्रॉप जेमतेम ०.१६. इथे चारपटीहून जास्त येतोय. मग ही वायर काय आहे? मला वाटतं ८ गेजच्या, म्हणजे ४ गेजपेक्षा बारीक, जाडीची ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, तिचा हिशोब बरोबर इथेच येतो. बाहेरून जाड रबर असतं म्हणून बोटाएवढी दिसते. एक तार ब्लेडने खरवड, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम.

किटवर गेज छापलेलं असतं, तांबं किती ते छापत नाहीत. याचा मला फार राग येतो, कारण घेणारा माणूस पूर्ण पैसे मोजतो, त्याला उघडून बघायची सोय नसते आणि धोका त्याच्या गाडीत फिरतो.

सातपूरकर | सोमवार, सकाळी ६:५५

खरवडली. पांढरी. शिफ्टला निघालोय, संध्याकाळी सविस्तर लिहितो. कुठली वायर घेऊ तेवढं सांगून ठेवा.

जुना_वायरमन | सोमवार, सकाळी ८:३०

तू सातपूरला राहतोस म्हणजे सोपं आहे. हार्डवेअरमध्ये वेल्डिंग केबल मिळते, २५ स्क्वेअर एमएम, तांब्याची माग. ॲल्युमिनियमचीपण असते स्वस्तात, म्हणून दुकानात टोक कापून बघायचं, आतून लाल दिसली पाहिजे. ती मऊ असते, वळते छान. साडेपाच मीटर घे, ग्राउंडसाठी अजून अर्धा मीटर त्याच जाडीची. लोक प्लस जाड टाकतात आणि ग्राउंडला उरलीसुरली बारीक वायर जोडतात, अरे जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो ना.

लग (वायरीच्या टोकाला बसवायची कडी) तांब्याचे, आणि हातोडीने ठोकून नाही, हायड्रॉलिक प्रेसने दाबून घे, केबलच्या दुकानात दाबून देतात. फ्यूज पट्टीवाला घे जो नटबोल्टने आवळतात, ६० अँपचा, कारण ॲम्पचे दोन मिळून ६० होतात. बॅटरीपासून वीतभर-दीडवीत अंतरावर बसव. फ्यूज वायरीसाठी असतो, ॲम्पसाठी नाही, म्हणून जितका बॅटरीजवळ तितकी जास्त वायर सुरक्षित. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नुसत्या पत्र्यावर वायर घासली तर वर्षभरात कापते. इंजिनच्या बाजूला वरून फ्लेक्झिबल पाइप चढव.

ग्राउंडला ०.६ येतोय तो कुठे जोडलाय बघ आधी. सीटबेल्टच्या बोल्टवर असेल तर लगेच काढ, त्या बोल्टला हात लावायचा नाही, तो जिवाचा आहे. बॉडीला जिथे जाड पत्रा आहे तिथे रंग पूर्ण खरवडून चकाकी येईपर्यंत घास, लग बसव, स्टार वॉशर घाल, आवळ, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लाव म्हणजे गंज धरणार नाही. आधी रंग आणि मग लग असं नको.

पाथर्डीफाटा | सोमवार, दुपारी १२:१०

ग्राउंडवरून आठवलं, माझ्या गाडीत पावसाळ्यात एसीच्या पाण्याची नळी चोंदली आणि पुढच्या सीटखाली कार्पेटच्या आत पाणी साठलं, वरून हात लावला तर कोरडं. सीटखालच्या ॲम्पचा ग्राउंड बोल्ट हिरवा-पांढरा झाला होता. ज्यांचा ॲम्प सीटखाली आहे त्यांनी कार्पेट उचलूनच बघा.

सातपूरकर | बुधवार, रात्री ११:३०

झालं! आज सुट्टी होती, सकाळी नऊला बसलो ते चारला उठलो. मित्र होता मदतीला, आईने मध्ये दोनदा चहा आणून दिला.

ग्राउंड काढला तर काय, डिक्कीतल्या पत्र्यात साधा सेल्फ टॅपिंग स्क्रू, खाली रंग तसाच्या तसा. करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांमधून. तिथून चार इंचावर जाड पत्रा सापडला, पॉलिश पेपरने घासला, काकांनी सांगितलं तसं आवळून वरून ग्रीस. पॉझिटिव्हची जुनी वायर ओढून काढली तर पत्र्याच्या भोकाजवळ खरंच घासलेली होती, ग्रोमेट नव्हताच, रबर अर्धं कापलं गेलेलं. अजून थोडी घासली असती तर थेट बॉडीला लागली असती. ते बघून मी आणि मित्र दोघं दोन मिनिटं गप्प बसलो.

नवीन आकडे, वीस मिनिटं चालवून, तोच टोन, तोच आवाज:
बॅटरी १३.५, ॲम्प १३.२.
होल्डरवर ०.०८, पूर्ण प्लस लाइनवर ०.२३, ग्राउंडला ०.०५.
करंट ४३.

ॲम्प एकदाही बंद नाही झाला. तोच ॲम्प, जो गेला म्हणून सांगितला होता. वायर, लग, फ्यूज सगळं मिळून नव्या ॲम्पच्या चौथाई पैशातसुद्धा नाही गेलं.

पॅनलवाली | गुरुवार, सकाळी ९:१०

फार फार छान वाटलं वाचून. आता एक राहिलं, गेन (ॲम्पवरची सिग्नल कमी-जास्त करायची खुंटी) परत सेट कर. आधी पॉवर कमी पडत होती म्हणून तू किंवा फिटरने गेन चढवलेला असणार, तो तसाच ठेवला तर आता कॉइल जाईल. सबची वायर काढ, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत, बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सरळ. ५० हर्ट्झचा टोन, मीटर एसीवर, ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर. ४०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे ८००, त्याचं वर्गमूळ २८.३. गेन शून्यापासून हळू वर ने, २८ व्होल्टला थांब.

सातपूरकर | गुरुवार, रात्री ८:४५

ताई, टोन लावला तर ४१ व्होल्ट होता! खाली आणून २८ वर ठेवला. आवाज कमी वाटेल असं वाटलं होतं, पण उलट, प्रत्येक थाप सुटी सुटी ऐकू येते. वडिलांना सोमेश्वरपर्यंत फिरवून आणलं, ते काही बोलले नाहीत, फक्त दोन अभंग पूर्ण होईपर्यंत गाडीतून उतरले नाहीत.

निफाडची_थंडी | शुक्रवार, सकाळी १०:०५

हे सगळं वाचून काल मी पण मोजलं, अर्टिगा. प्लसला ०.३ आहे ते ठीक. ग्राउंडला ०.९ आला. वायर सीटबेल्टच्या बोल्टवरच निघाली. आज गाडी बाहेर काढत नाही, दुपारी जागा शोधून रंग खरवडतो आणि आकडा टाकतो.